नागपूरहून तीन दिवस: तामियाचा कडा, धूपगड आणि चौरागडच्या पायऱ्या

विदर्भात प्रत्येक गावात ‘मोठ्या महादेवाला’, म्हणजे मध्य प्रदेशात पचमढीजवळच्या चौरागडाला, जाऊन आलेलं कुणी ना कुणी असतंच. त्यामुळे चौरागडाची चौकशी केली की माहिती मिळते ती महाशिवरात्रीच्या गर्दीची: खांद्यावर त्रिशूळ, तोंडी ‘हर बोला हर हर महादेव’, पुढच्याच्या पाठीला लागून चढायचं. एरवीच्या दिवसांत हाच डोंगर निवांत असतो आणि अर्ध्या दिवसात होतो. सतपुड्याचं इतकं उघडं दर्शन देणारी दुसरी वाट नागपूरहून एका दिवसाच्या टप्प्यात सापडणं कठीण. आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाऊन आलो. पुढचं सगळं त्या हवेचं आहे. पावसाळ्यात किंवा मे महिन्यात जाणाऱ्यांनी वेळा आणि पाणी दोन्ही बदलून घ्यावं.

पहिला दिवस: सावनेर, तामिया, संध्याकाळी धूपगड

पहाटे साडेपाचला कोराडी रोडने निघालं की सावनेरला तर्री-पोह्याचे पहिले घाणे निघत असतात. नागपूर ते पचमढी हे अंतर छिंदवाड्यावरून सुमारे २५० किलोमीटर. सौंसरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगाला संत्र्याचे बगीचे लागतात आणि डिसेंबरात आंबिया बहाराची फळं रस्त्यावरच विकायला बसलेली असतात. सौंसर आता छिंदवाडा जिल्ह्यात नाही, २०२३ मध्ये झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. बोली मात्र आपलीच. इथे माणशी सहा संत्री घेऊन ठेवा. पुढे चौरागडावर त्यांचं काय होतं ते सांगतोच. घेताना फार मोठं, फुगीर सालीचं फळ टाळावं. साल सुटलेली असते, आतून कोरडं निघतं आणि पिशवीत दबलं की फुटतं. मध्यम आकाराचं, हातात जड लागणारं घ्यावं.

सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, परासियाचा कोळशाचा पट्टा. हा भाग सरळ मागे टाकावा, कारण तामियाला अकराच्या आत पोचायचं असतं.

तामियाला विश्रामगृहाच्या मागे जमीन एकाएकी संपते. पुढे एकावर एक डोंगररांगा, प्रत्येक आधीच्या रांगेपेक्षा फिकट. या दिवसांत सकाळी खालच्या खोऱ्यात धुकं साचलेलं असतं आणि त्यातून डोंगरांचे माथे तेवढे वर दिसतात. रात्री कड्यावरची थंड, जड हवा उताराने खोऱ्यात उतरते आणि तिथेच बसून राहते, म्हणून धुकं खाली आणि ऊन वर. ऊन खोऱ्याच्या तळाला लागलं की अर्ध्या-पाऊण तासात ते विरतं. साडेदहापर्यंत पोचलात तर दोन्ही रूपं पाहायला मिळतात. बारानंतर मात्र पांढुरकी धूसर हवा उरते आणि लांबच्या रांगा पुसल्यासारख्या होतात. ज्यांना दूरवरचं स्वच्छ दिसायला हवं त्यांनी पाऊस ओसरल्यावर लगेच, ऑक्टोबरात यावं. तेव्हा हवा धुतलेली असते; डिसेंबरपर्यंत धूळ आणि धूर पुन्हा जमा होतात.

या कड्यावर उभं राहून एक गोष्ट नागपूरकरांनी जरूर लक्षात घ्यावी. मागे, दक्षिणेकडे पडलेला पाऊस कन्हान आणि पेंच या नद्यांत जातो. आपल्या नळाला येतं ते हेच पाणी. उरलेलं वैनगंगेवाटे गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातं. पुढे, उत्तरेकडे पाताळकोटाच्या खोऱ्यातून निघणारी दूधी नर्मदेला मिळते आणि अरबी समुद्राकडे वळते. दोन समुद्रांची वाटणी इथल्या चार पावलांत होते. मागच्या बाजूची जंगलं किती उभी आहेत यावर आपल्या उन्हाळ्याचं पाणी ठरतं, म्हणून हा डोंगर मला आपल्या घरचाच वाटतो.

पाताळकोट तामियाहून छिंदीच्या बाजूने वेगळा फाटा धरून गाठावा लागतो. खोरं सुमारे १२०० फूट खोल, आत भारिया आणि गोंड आदिवासींची १२ गावं. वरच्या कड्यावरून बघून परतायलाही तीन तास जातात. त्याच दिवशी धूपगडाचा सूर्यास्त हवा असेल तर पाताळकोट परतीच्या दिवसासाठी ठेवावा. दोन्ही कोंबले की एकही धड होत नाही. तामियाच्या बाजारात चारोळी आणि कोदो-कुटकी ही भरड धान्यं घेता येतात. गोंड दुकानदाराला ‘जय सेवा’ म्हटलं तर तो हसून तसंच उत्तर देतो आणि मग कुटकीचा भात कसा शिजवायचा तेही सांगतो: दोन-तीन पाण्यांनी धुऊन, थोडा वेळ भिजवून, आणि आधण आल्यावरच टाकायची.

देलाखारी, मटकुली, आणि मटकुलीपासून वर चढणारा सुमारे ३० किलोमीटरचा घाट. पचमढीला दुपारी दोनला पोचलो. (रेल्वेने येणाऱ्यांना पिपरिया हे जवळचं स्टेशन, तिथून वर गाड्या मिळतात.)

धूपगड १३५० मीटरच्या थोडा वर आहे, सतपुड्याचं आणि मध्य प्रदेशचंही सर्वात उंच शिखर. वर जाण्यासाठी वनखात्याचा परवाना आणि ठरवलेली जिप्सी लागते. ओळखपत्र प्रत्येकाचं जवळ ठेवा. परवान्याच्या खिडकीच्या आणि फाटकांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून हॉटेलात सामान टाकल्याबरोबर आधी ते विचारून घ्यावं. जिप्सी अख्खी ठरते, सहाजणांत वाटून घेतली की परवडते. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. पावणेपाचला माथ्यावर असलात तर जागा निवडता येते.

इथे हटकून होणारी चूक सांगतो. सूर्य टेकला की सगळी गर्दी एकदम जिप्स्यांकडे धावते. आकाशाचा खरा रंग त्यानंतर येतो. दहा-पंधरा मिनिटांनी खालून तांबूस उजेड वर चढतो, दऱ्या निळ्या होतात आणि समोरच्या रांगांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या स्पष्ट दिसतात. ड्रायव्हरला निघण्यापूर्वीच ‘भाऊ, सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटं थांबायचं’ असं सांगून ठेवा. वर गेल्यावर सांगितलं तर तोवर त्याची पुढची फेरी ठरलेली असते. हा माथा सूर्योदयाचाही आहे, दोन्ही बाजू उघड्या असल्याने. उतरताना उघड्या जिप्सीत वारा असा लागतो की अंगातल्या स्वेटरचा उपयोग शून्य. वारा अडवणारं पातळ जाकीट आणि कान बांधायला दुपट्टा हवाच.

दुसरा दिवस: चौरागड

आधी एक सावधगिरी. फोनच्या नकाशावर नुसतं ‘चौरागड’ टाकलं तर नरसिंहपूर जिल्ह्यातला किल्लाही निघतो. तो गोंड राजांचा किल्ला. राणी दुर्गावतीचा मुलगा वीरनारायण १५६४ मध्ये तिथे लढताना पडला. इतिहास मोठा आहे, पण पचमढीचा त्रिशूळांचा चौरागड तो नव्हे. कित्येक लेखांत या दोन्ही जागांची माहिती एकत्र कालवलेली दिसते. नकाशावर ‘महादेव, पचमढी’ शोधा. गावापासून सुमारे १० किलोमीटरवर जिथे गाडी थांबते तिथूनच पायवाट सुरू होते.

सकाळी सातला चालायला लागावं. जाऊन-येऊन सात किलोमीटरच्या आसपास चाल आणि साधारण १३०० पायऱ्या. ठणठणीत माणसाला चढायला पावणेदोन तास, वर पाऊण तास, उतरायला दीड तास. वयस्क मंडळी सोबत असतील तर पाच-साडेपाच तास धरा. दुपारच्या बाराला खाली परत, असा हिशोब असला की शेवटच्या उघड्या पायऱ्यांवर डोक्यावरचं ऊन लागत नाही.

बडा महादेवची गुहा वाटेच्या सुरुवातीलाच आहे, म्हणून सगळे आधी दर्शन घेतात. मी म्हणेन, दर्शन परतताना घ्या. गुहेच्या छतातून बारमाही पाणी ठिबकतं, आत अनवाणी जावं लागतं आणि पावलं ओली होतात. ओल्या पावलांवर मोजे चढवून १३०० पायऱ्या केल्या की टाचेला आणि अंगठ्याच्या बाजूला फोड येतो. ज्यांना दर्शनाशिवाय चढायचंच नाही त्यांनी सुक्या मोज्यांची एक जोडी आणि पंचा पिशवीत ठेवावा. बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसून मगच बूट घालावा.

पहिला टप्पा झाडीतला. आपल्या बाजूचं सागाचं रान इथे साल वृक्षाला जागा देतं. सरळसोट खोडं, वर दाट छत, खाली गारवा. याच टप्प्यात शेकरू दिसलं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी, पण नागपूरच्या आसपास कुठे सहज दिसतो? आधी वरून सालीचे तुकडे पडल्याचा आवाज येतो. मग थांबून फांदीच्या बेचक्यात बघायचं. तपकिरी-काळसर पाठ, पिवळट पोट, आणि फांदीवरून दोरीसारखी खाली लोंबणारी लांब शेपटी. बोलणं बंद ठेवलं तर ते पाच मिनिटं तिथेच बसतं.

पचमढीचा दगड समजून घेतला तर पाय कमी घसरतात. सह्याद्रीतल्या वाटांवर काळा कातळ असतो, इथे जाडाभरडा वाळूचा दगड आहे. कोरडा असताना बुटाला तो सँडपेपरसारखा धरून ठेवतो. पण त्यात गारगोटीचे वाटाण्याएवढे गोल खडे रुतलेले असतात. दगड झिजला की ते सुटून पायऱ्यांवर पसरतात आणि पायाखाली छर्ऱ्यांसारखे फिरतात. चौरागडावर पडणारी माणसं बहुतेक उतरताना, याच खड्यांवरून पडतात. पायरीच्या मध्यभागी वर्दळीने खडे बाजूला सरकलेले असतात, म्हणून पाऊल मध्यभागीच टाकावं; कडेला उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी तर आधी बुटाने जागा झाडून घ्यावी. पावसाळ्यात हाच दगड शेवाळून गुळगुळीत होतो, तेव्हा सगळा हिशोब बदलतो.

पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. दोन बुटक्या, मग एक गुडघाभर. त्यामुळे लय लागत नाही आणि दम लवकर लागतो. उपाय साधा: १०० पायऱ्या मोजायच्या, एक मिनिट उभ्यानेच थांबायचं, पुन्हा १००. बसायचं नाही, बसलं की पोटऱ्या गार पडतात आणि उठताना जड होतात. चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे, वाक्य तुटत असेल तर जास्त आहे. पाणी माणशी दीड लिटर, घोट-घोट. मधल्या टपऱ्यांवर लिंबूपाणी मिळतं, त्यात साखरेबरोबर मीठही घालायला सांगा. आणि संत्री: अर्ध्या वाटेवर एक, माथ्यावर एक. बिस्किटाने घसा सुकतो, संत्र्याने ओला होतो. साली परत पिशवीत. माकडांना त्या वाटेवर पडलेल्या सापडल्या की पुढच्या माणसाच्या हातातलं फळ ती हिसकतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी कधीच नको, तिचा आवाज त्यांना ओळखीचा झालाय. चेन असलेली पाठपिशवी घ्या, चष्म्याला दोरी लावा आणि सुटे पैसे खिशात ठेवा. महादेवच्या पुढे फोनच्या रेंजवर भरवसा नाही.

शेवटच्या टप्प्यात त्रिशूळ दिसायला लागतात. आधी एखाद-दुसरा झाडाला टेकवलेला, मग कठड्याशी ओळीने, आणि वर मंदिराभोवती ढीगच्या ढीग. नवस फेडायला आणलेले. हाताएवढे आहेत तसे चार माणसांनी उचलावे लागतील असेही आहेत. जवळ जाऊन वाचा: दांड्यावर पांढऱ्या रंगाने गावाचं नाव, तालुका, साल. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी. अक्षरं हाताने काढलेली, काही पावसाने अर्धी गेलेली. एका त्रिशूळाच्या मधल्या फाळावर लिंबू टोचलेलं, वाळून काळं आणि सुपारीएवढं झालेलं. त्याखाली लाल कापडाची गाठ, गाठीत हळकुंड. ज्याने हे लोखंड काटोलहून इथवर आणलं त्याच्या खांद्यावर किती दिवस वळ राहिला असेल! पोळ्याला बैलांसमोर झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणून ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ असा गजर होतो, तोच गजर इथे माथ्यावर पोचणारा प्रत्येक जण करतो. उंची १३०० मीटरच्या आसपास. उत्तरेच्या अंगाला पचमढीचं पठार आणि धूपगड, दक्षिणेला छिंदवाड्याकडे उतरत जाणाऱ्या रांगा. नागपूर त्याच बाजूला. मंदिरात दर्शन घेऊन बरेच जण लगेच उतरतात. ते न करता मंदिराला पूर्ण फेरी मारावी, दक्षिणेच्या बाजूला वारा कमी आणि बसायला जागा जास्त असते.

आता उतरण. चौरागड त्रास देतो तो इथे. चढताना हृदयाला आणि फुप्फुसाला काम पडतं, थांबलं की दोन मिनिटांत बरं वाटतं. उतरताना प्रत्येक पायरीला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन आवरून धरतो. हे काम त्याच्या सवयीचं नसतं. साधारण आठशेव्या पायरीला पाय लटपटायला लागतात आणि मग माणूस गुडघा ताठ ठेवून धप्पकन पाय टाकतो. दुखणं तिथून सुरू होतं.

उतरताना काटोल तालुक्यातल्या बायांचा एक जथा भेटला. त्यातल्या एक आजी सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी, हातात बांबूची काठी, चपलेचा पट्टा सुती चिंधीने घोट्याला बांधलेला. बाकीच्या बाया थांबत-थांबत उतरत होत्या, आजी थांबतच नव्हत्या. बघितलं तर त्यांची रीत ठरलेली होती. काठी खालच्या पायरीवर, मग डावा पाय खाली, मग उजवा त्याच पायरीवर शेजारी. पुन्हा काठी, डावा, उजवा. प्रत्येक पायरीला डावाच आधी. विचारलं तर म्हणाल्या, “हा दुखरा हाये बापा. दुखरा पाय पयले खाली टाकाचा, धडधाकट मांगून. चढताना उलटं, धडका पयले वर.” कुणी शिकवलं, तर, “डाक्टरनं. नातीनं लेहून देल्लं अन् मी पाठ केलं.”

हे तंतोतंत बरोबर आहे. खाली उतरताना वाकतो आणि वजन पेलतो तो वरच्या पायरीवर राहिलेला पाय. म्हणून वर राहायला मजबूत पाय हवा. चढताना वजन उचलतो तो आधी वर गेलेला पाय, म्हणून तिथेही मजबूत पायच आधी. गुडघे ठीक असलेल्यांनीही शेवटच्या तीन-चारशे पायऱ्या अशाच उतराव्यात. वेळ थोडा जास्त लागतो, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही. काठी महादेवच्या दुकानांत मिळते. ती कमरेपेक्षा चार बोटं उंच असावी, कारण खालच्या पायरीवर टेकवायची असते. आखूड काठी घेतली तर पुढे वाकावं लागतं आणि तोल तिथेच जातो.

बुटांचंही सांगून टाकतो. उतरण सुरू करण्यापूर्वी नाडी सोडून पुन्हा बांधा. टाच मागे ठोकून बसवा आणि वरची दोन भोकं घट्ट आवळा. पाऊल पुढे सरकलं की बोटं बुटाच्या टोकाला आपटतात आणि नख काळं पडतं. नखं आदल्या रात्री कापलेली असली की निम्मा त्रास तिथेच मिटतो.

खाली आल्यावर बडा महादेवचं दर्शन, थंड पाण्यात पावलं, आणि मग गुप्त महादेवची गुहा. तिथली फट इतकी अरुंद की अंग तिरकं करूनच सरकावं लागतं आणि एका वेळी थोडीच माणसं आत सोडतात. बंद जागेत घाबरणाऱ्यांनी बाहेरूनच हात जोडावेत. मधोमध अडलं की पुढे-मागे दोन्हीकडे माणसं असतात आणि वळायला जागा नसते. जेवायला पचमढीच्या बाजारात वरण-भात, पोळी, वांग्याचं भरीत मिळालं, गरम. संध्याकाळी काहीही ठरवू नये.

तिसरा दिवस: सपाट वाटेवरचे कडे, आणि परत

मांड्या खऱ्या दुखतात त्या चढून आल्यानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी, म्हणून चौरागड मधल्या दिवशी ठेवला होता. आज गाडीतून उतरून पाच-दहा मिनिटांत पोचता येतील अशाच जागा. प्रियदर्शिनी पॉइंटवरून महादेव, चौरागड आणि धूपगड तिन्ही दिसतात. जेम्स फॉर्सिथ हा इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात इथल्या पठारावर आला, त्याच्याच नावाने ही जागा पूर्वी ओळखली जायची. चौरागड करून आल्यानंतर इथे उभं राहणं वेगळं असतं, आदल्या दिवशीची वाट नजरेने धरता येते. हांडी खोह या दरीला सरळ तुटलेले कडे आणि त्यांवर आग्या मोहोळाची पोळी. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको. या माश्या एकीने डंख मारला की त्या वासावर बाकीच्या येतात. चुकून उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून गाडीकडे जायचं. राजेंद्रगिरीला, पहिल्या राष्ट्रपतींच्या नावाच्या टेकडीवर, सकाळचं ऊन अंगावर घेत तासभर बसलो. वयस्क मंडळींना तीनही दिवसांत सर्वांत आवडलेली जागा हीच.

साडेअकराला पचमढी सोडली. आदल्या दिवशी चौरागड चढलेल्या माणसाने घाटात गाडी चालवू नये, शक्य असेल तर. क्लच सतत दाबून डावी मांडी आखडते आणि मटकुलीचा उतार वळणावळणाचा आहे. दुसरा चालवणारा नसेल तर घाट उतरल्यावर दहा मिनिटं चालून पाय मोकळे करावेत. पाताळकोट राहिलेल्यांनी मात्र पचमढीहून आठलाच निघावं, नाहीतर सिल्लेवानीचा घाट अंधारात येतो.

रामाकोन्याजवळ कन्हान ओलांडली तेव्हा चार वाजून गेले होते. पात्र अर्धं वाळूचं, कडेने पाण्याची धार. सौंसरला पुन्हा संत्री घेतली, या वेळी घरच्यांसाठी क्रेटभर. सावनेर ते कोराडी हा टप्पा सहाच्या आत पार करावा. त्यानंतर ट्रकची रांग लागते आणि शेवटच्या ४० किलोमीटरला दीड तास जातो.